यारीवरचा हात

राधाकिशन मिस्त्री मस्कतला गेला तो पैशासाठी, असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल वाटून घ्यावं. त्याचं इथं झकास चाललं होतं. आष्टी तालुक्यात विहीर खोदायची म्हटली की यारी लागते, म्हणजे विहिरीच्या काठावर उभी केलेली इंजिनाची क्रेन. तिच्या तारेला लोखंडी टोपलं असतं. त्या टोपल्यात उभी राहून माणसं खाली जातात आणि त्याच टोपल्यातून दगड-मुरूम वर येतो. ही यारी राधाकिशनसारखी चालवणारा कडा गावापासून आष्टीपर्यंत दुसरा नव्हता. दुष्काळात बाकीच्यांच्या तोंडचं पाणी पळायचं आणि याला जेवायला सवड मिळायची नाही. असा माणूस देश सोडायला निघाला तो समोरच्या घरातल्या एका नगापायी.

त्या नगाचं नाव सुग्रीव. बाप तात्याबा, गावच्या दूध संस्थेचा चेअरमन. म्हातारा मवाळ आणि गोडबोल्या होता, पण पोराचा विषय निघाला की त्याला दिसायचं बंद व्हायचं. सुग्रीवनं लग्नांत भाड्यानं द्यायला डीजेचे दोन मोठे बॉक्स घेतले होते. दोन हजार तेराच्या दुष्काळात लग्नं थांबली, मग ते बॉक्स घराच्या ओट्यावरच आले, तोंड राधाकिशनच्या दाराकडं करून. सकाळी दात घासताना गाणं, दुपारी पत्ते खेळताना गाणं, संध्याकाळी बाटली उघडली की त्याहून मोठं गाणं. मोटारसायकलचं सायलेन्सर यानं काढून ठेवलं होतं. गुटख्याची पिचकारी मारायला याला दुसऱ्याचीच भिंत लागायची. बायाबापड्या टँकरखाली घागरी लावून उन्हात तळत असायच्या आणि हा त्यांच्या डोळ्यांदेखत त्याच टँकरच्या पाण्यानं जीप धुवायचा.

कुणी काही बोलत नव्हतं. हिरवं काही उरलं नव्हतं, घरात पैसा यायचा तो दुधाचाच, आणि दुधाचं माप तात्याबाच्या हातात. माणसं मान खाली घालून कॅन ठेवायची आणि मान खाली घालूनच परत जायची. राधाकिशनकडं म्हैस नव्हती, म्हणून त्याला तोंड होतं.

ते त्यानं एकदा उघडलं. त्याची आई सुंदरबाई हिला रक्तदाबाचा त्रास होता, डोकं ठणकायला लागलं की तिला उजेडही सोसायचा नाही. राधाकिशन ओट्यापाशी जाऊन साधं म्हणाला, "सुग्रीव, जरा आवाज कमी कर. आईला बरं न्हाई."

"म्हातारीच्या कानात बोळे घाल बे," सुग्रीव म्हणाला आणि त्यानं आवाज वाढवला. सोबतचे टगे खिदळले.

राधाकिशन तात्याबाकडं गेला. तात्याबानं चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "पोरं हायत, राधाकिशन. आपणच समजून घ्यावं." ते पोर तीस वर्षांचं होतं आणि त्याला स्वतःची दोन पोरं होती.

आठ दिवसांनी सुंदरबाईनं बोचकं बांधलं. बिंदुसरा धरणाजवळ पालीला तिची लेक दिली होती, तिच्याकडं ती निघाली. चाळीस वर्षं सारवलेलं अंगण सोडून म्हातारी गल्लीतून चालली होती, तेव्हा ओट्यावरून सुग्रीवनं हाक मारली, "आज्जे, जाताना कोणतं गाणं लावू?" म्हातारीनं वळून पाहिलं नाही. तिला एस.टी.त बसवून राधाकिशन परत आला, यारीचं इंजिन पुसत बसला, आणि पुसता पुसता त्याचे दात एकमेकांवर घासले जात होते. त्या दिवसापासून त्याच्या मनात दुसरं काही राहिलं नाही. जेवताना सुग्रीव, झोपताना सुग्रीव. याला कसा लोळवायचा, कुठं गाठायचा, कुणासमोर रडवायचा, एवढंच.

सत्तार हा त्याचा जिवाभावाचा मित्र. विहीर खोदणाऱ्या टोळीचा मुकादम. राधाकिशन वर आणि सत्तार खाली, अशी त्यांची जोडी वीस वर्षं चालली होती. सत्तारचा चुलतभाऊ जमील मस्कतला एका वर्कशॉपात होता, त्यानं राधाकिशनसाठी जागा बघितली, व्हिसाही आला. पण सत्तारलाच हे पटेना.

"एका बॉक्सापायी कुणी देस सोडतं का बे?" तो म्हणाला. "तिथं बी कुणाचं तरी उंडगं पोरगं असंनच की."

"आसंन. पर ते परक्याचं असंन. परक्याचा येवढा राग न्हाई येत."

"गाव म्हणलं की एखादा सुग्रीव आसतोच."

"त्याचं मला कायी न्हाई. बाकीचे गप बसतेत ना, त्याचं हाय. पर एक सांगतो सत्तार, ह्याची जिरविल्याबगर मी मस्कतच्या इमानात बसत न्हाई."

सत्तार हसला. गावात असं बोलणारे रोज भेटतात आणि करत कुणीच काही नाही, हा त्याचा अनुभव. राधाकिशनच्या बाबतीत तो खोटा ठरला.

वैशाखात दूध संस्थेनं आपली जुनी विहीर आणखी खोल करायला घेतली. जनावरं पाण्याविना तडफडत होती, सगळ्या गावाचे डोळे त्या विहिरीकडं लागले होते. यारी राधाकिशनची, टोळी सत्तारची. खडक असा कडक होता की सुरुंगाशिवाय हलत नव्हता. आणि एका सकाळी सत्तारनं खालून आरोळी दिली, "लागलं! पाणी लागलं!" कपारीतून बोटभर धार सुटली होती. सत्तार आणि टोळी वर आली तोवर काठावर माणसांची झुंबड उडाली. बायांनी तोंडाला पदर लावले, म्हातारी माणसं पार रडली.

आता पाणी लागलं की नारळ फोडायचा, हळद-कुंकू वाहायचं, ही आपली रीत. हा मान ज्यानं घाम गाळला त्याचा. सत्तार नेहमी टोळीतल्या कुणाला तरी नारळ देऊन उतरवायचा. पण सुग्रीव पांढरा शर्ट घालून, कपाळाला टिळा लावून हजर झाला. मोबाईल एका टग्याच्या हातात देऊन त्यानं बजावलं, "मी उतरताना फोटू काढ." टोळीतला बिभीषण नारळ घेऊन टोपल्यापाशी उभा होता, त्याच्या हातातून यानं नारळ हिसकावला आणि त्याला खांद्यानं बाजूला सारलं. "संस्था आमची, इहीर आमची. नारळ मी फोडणार." तात्याबा कौतुकानं हसला. राधाकिशनकडं बघून सुग्रीव म्हणाला, "ए मिस्त्री, सोड हळू. शर्ट नवा हाय."

राधाकिशननं हळूच सोडला. इतका हळू आणि सांभाळून की टोपलं एकदाही कडेला घासलं नाही. सुग्रीव तळाला उतरला, टोपल्यातून बाहेर पडला, नारळ फुटल्याचा आवाज आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राधाकिशननं तेवढ्यात टोपलं रिकामंच वर ओढून घेतलं, ब्रेक आवळला, इंजिन बंद केलं आणि हात पुसले.

खोदणाऱ्यांचा एक नियम आहे. ज्याच्या हातानं माणूस खाली सोडला, त्याच्याच हातानं तो वर यायचा. मध्येच हात बदलायचा नाही. सत्तार लहान असताना एका विहिरीवर असाच हात बदलला होता. नव्या हाताला त्या ब्रेकचा अंदाज आला नाही आणि सत्तारचा बाप टोपल्यासकट तळाला आपटून मेला. तेव्हापासून या टोळ्यांत देवाची शपथ मोडतील, पण हा नियम मोडत नाहीत. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. राधाकिशनला तर सगळ्यात जास्त.

"आरं, टोपलं सोड की!" खालून आवाज आला.

राधाकिशन काठावर गेला, वाकला आणि म्हणाला, "जरा आवाज कमी कर. लोकाला तरास होतो."

पहिल्यांदा कुणाला कळेना. मग कळलं आणि माणसं खाली वाकून बघायला लागली. खालून शिव्या आल्या, आई-बहिणीवरून. विहिरीच्या भिंतींवर आदळून त्या दुप्पट होऊन वर येत होत्या. राधाकिशननं यारीच्या सावलीत पटकूर अंथरलं आणि बसला. दोन टगे लिव्हरकडं धावले तेव्हा सत्तार आडवा झाला. "हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. "राधानं सोडलाय, राधाच काढील." टोळी त्याच्या मागं उभी राहिली. पायऱ्या नसलेली सत्तर फूट खोल विहीर. दोर लावून ओढायला गेलं आणि अर्ध्यात हात सुटला तर काय, या भीतीनं दुसरं कुणी पुढं येईना.

तात्याबा टोपी हातात घेऊन आला. "राधाकिशन, पोरगं हाय रं. काढ त्याला."

"हाय की. समजून घ्यावं आपुन."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. खाली पाणी घोट्यावर आलं होतं. सुग्रीवच्या शिव्या संपून आता हाका सुरू झाल्या होत्या. "आबा! आबा, मला काढा!" तात्याबाला तो आबा म्हणायचा.

"ते दोन बॉक्स हितं आणा," राधाकिशन म्हणाला, "आन तुमच्या हातानं फोडा. मंग बघू."

बैलगाडीतून बॉक्स आले. तात्याबानं कुऱ्हाड उचलली. दोन घावांत त्याला धाप लागली, पण राधाकिशननं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. काळे पडदे फाटले, आतले स्पीकरचे गोल निघून धुळीत पडले. आणि गाव? वर्षानुवर्षं गप्प बसलेलं गाव हसायला लागलं. बाया पदराआड हसत होत्या, ज्यांच्या घागरीसमोर जीप धुतली गेली त्या. छबुबाई नावाची म्हातारी तर उघड म्हणाली, "आजून यक घाव घाला, चेरमन!" राधाकिशनच्या अंगातून असं काही सुख फिरलं की जन्मात कधी फिरलं नव्हतं. खरं बोलायचं तर त्या क्षणी बघणाऱ्या कुणालाही ते सुख चुकीचं वाटलं नसतं.

इथं त्यानं इंजिन चालू करायला हवं होतं.

सत्तार जवळ आला. "झालं, राधा. आता काढ त्याला."

"थांब जरा."

"पानी मांड्याला आलंय. रडतोय त्यो."

"मला बी ऐकू येतंय," राधाकिशन म्हणाला. त्यानं बिभीषणला चहा आणायला पाठवलं. खालून येणारं रडणं ऐकत त्यानं तो चहा बशीत ओतून, फुंकर घालून, घोट घोट प्यायला. बशी रिकामी झाल्यावर आणखी एक कप मागितला.

"बॉक्स फुटले, बाप रडला, गाव हासलं," सत्तार हळू आवाजात म्हणाला. "आता कशापायी बसलाय?"

"माजं मन न्हाई भरलं आजून."

सत्तार मागं वळला. तो काठावर जाऊन खाली वाकला आणि सुग्रीवला म्हणाला, "घाबरू नगंस, काढतोय." त्या नालायकाशी तो आयुष्यात पहिल्यांदा मऊ बोलला असेल.

उन्हं कलली तेव्हा कुठं राधाकिशन उठला. सुग्रीव वर आला तेव्हा त्याचा नवा शर्ट चिखलानं माखला होता, दातांवर दात वाजत होते. त्यानं कुणाकडं पाहिलं नाही. बापाचा हात धरून, लहान मुलासारखा तो घराकडं गेला. त्यानंतर गावात त्याचा आवाज कुणी ऐकला नाही. जीप धुतली नाही, पिचकारी मारली नाही, सायलेन्सर परत बसवलं.

संध्याकाळी गल्ली इतकी शांत होती की राधाकिशनला स्वतःच्या चुलीतलं लाकूड तडतडलेलं ऐकू आलं. त्यानं पालीला फोन लावला. "आई, ये माघारी. म्या त्याला सरळ केलाय." मग जमीलला मस्कतला फोन लावून त्याची माफी मागितली आणि येत नाही म्हणून सांगितलं. देश सोडायची आता काय गरज होती? पळून तर सुग्रीवच गेल्यासारखा होता. राधाकिशन त्या दिवशी गाढ झोपला.

सकाळी तो शीळ वाजवत विहिरीवर गेला. रातभर मोटारीनं पाणी उपसलं होतं आणि अजून दोन परस, म्हणजे दोन पुरुष, खोल जायचं बाकी होतं. त्यानं इंजिन चालू केलं, ब्रेक तपासला, टोपलं काठाला लावलं. टोळी आली. सत्तारनं रोजच्यासारख्या चपला काढून दगडाशी ठेवल्या, एक पाय टोपल्यात टाकला आणि तिथंच थांबला. वीस वर्षांत तो कधी थांबला नव्हता. त्यानं ब्रेकवरच्या राधाकिशनच्या हाताकडं पाहिलं.

"काय झालं?" राधाकिशननं विचारलं.

"कायी न्हाई." सत्तारनं पाय बाहेर घेतला. "त्यो सुग्रीव लई वंगाळ हाय, त्याचं मला कायी न्हाई. पर रातभर म्या आठवत बसलो राधा, की म्या तुला कवा कायी बोललो तर न्हाई ना."

"येडा हायस का तू? तुला म्या कसा..."

"तेच म्हनतो. तू न्हाई करनार. आसं म्या सोताला सांगत हुतो." त्यानं खाली बघत चपला पायात घातल्या. मागं बिभीषणनंही घातल्या. मग बाकीच्यांनी. कुणी रागावलेलं नव्हतं, कुणी वाकडं बोललं नाही. एकानं तंबाखू मळायला घेतली आणि सगळे जरा लांब, बाभळीखाली जाऊन बसले.

रिकामं टोपलं विहिरीच्या तोंडावर लोंबकळत होतं आणि इंजिन चालू होतं. राधाकिशन बराच वेळ ब्रेक धरून उभा राहिला. मग त्यानंच इंजिन बंद केलं.

उरलेलं काम आष्टीहून आणलेल्या दुसऱ्या यारीवाल्यानं केलं. राधाकिशननं जमीलला पुन्हा फोन लावला आणि महिन्याच्या आत तो मस्कतला गेला. त्याला गावातून कुणी घालवलं, असं विचारलं तर आजही लोक सुग्रीवकडं बोट दाखवतात आणि सुग्रीव मान खाली घालून ते ऐकून घेतो. सत्तार तिथं बसलेला असला तर उठून जातो.