कौशल्यामावशीनं घातलेली आण

कौशल्यामावशीनं शेरडांना हाक मारली तर केजच्या बाजारात ऐकू जाईल, असं आम्ही वस्तीवर म्हणतो. चार-पाच शेरडं, एकुलता एक अंगद आणि दुपारी माझ्या घरी येऊन मालिका बघणं, एवढाच तिचा संसार. मालिकेतल्या सासवांना ती शिव्या घालते आणि मला चहा करायला लावते.

अंगद नऊ वर्षं ऊसतोडीला जातो. तोडीला बहुतेक नवरा-बायको जातात आणि त्या जोडीलाच कोयता म्हणतात. अंगदचा कोयता मात्र वस्तीवरच्याच सिदूबरोबर. दोन गडी असले की मोळ्या भराभर चढतात, म्हणून मुकादमही खूश. यंदा मावशीनं अंगदचं लग्न ठरवलं, मुलगी धनश्री. आता कोयता बायकोबरोबर, म्हणून सिदूला तिनंच दुसऱ्या टोळीत कर्नाटकात धाडलं. लग्न आठ दिवसांवर आलं होतं.

त्या दुपारी मालिकेत जोडप्यासारखे राहणारे दोन पुरुष होते. आजवर टीव्हीवर असा माणूस आला की कंबर हलवून हसवायलाच, मला त्या थट्टेची चीडच येते. इथं मात्र एकजण दमून घरी आला आणि दुसऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. दुसऱ्यानं काही विचारलं नाही, नुसता केसांतून हात फिरवत राहिला. मग दारात आई आली, तिच्या हातातलं ताट पडलं आणि ते नेहमीचं संगीत तीनदा दणाणलं.

मी रिमोट शोधायला लागले. मावशीनं माझं मनगट धरलं.

"ती बाई कावून रडायली?"

"ते दोघं नवरा-बायकोसारखे हायेत, मावशी. एकमेकांवर जीव हाय त्यांचा."

"अन् ते असंच असतंय? असं निस्तं बसणं?"

"असंबी असतंय."

माझं मनगट तसंच धरून ती म्हणाली, "गेल्या साली अंगदला कावीळ झालती. मी फडावर गेलते. पाचटाच्या कोपीत सिदू असाच बसला होता त्याला घेऊन. मी हसले. म्हणलं, बायकोच्या वरताण करतोस की रे." तिनं माझं मनगट सोडलं. "अन् यंदा कर्नाटकात निघताना सिदूला मी माझी आण घातली, मंजुळा. लग्न होईस्तोवर अंगदला फोन करायचा न्हाई, त्याचा उचलायचा न्हाई. पोराचं चित्त घरात राहावं म्हणून."

मी हबकले. सिदू गेल्यापासून पंधरा दिवस अंगद गोठ्यात फोन हातात घेऊन तोंड पाडून बसला होता आणि आम्ही बायका नवरदेव लाजतोय म्हणून त्याची थट्टा करत होतो. मला माझीच लाज वाटली.

"लाव सिदूला फोन," मावशी म्हणाली.

त्यानं लगेच उचलला. "मावशी, अंगद बरा हाय ना? म्या न्हाई केला फोन. तुमची आण हाय."

मावशीनं डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "आण काढली रं. धनश्रीच्या घरी मी उद्या जाते, लगीन मोडते, पाया पडते त्यांच्या. तू फोन ठिवू नको."

फोन हातात धरून ती तशीच अनवाणी गोठ्याकडे पळाली, मी मागून. अंगद उठून उभा राहिला. तिनं फोन पुढं केला. "सिदू..." एवढंच तिला बोलता आलं.

अंगदनं फोन घेतला नाही.

"आई, खरं सांग," तो म्हणाला. "जिता हाय ना त्यो?"