दोन डब्यांची खिरापत

आमच्या कॉलनीच्या मागच्या मैदानात नवरात्रातल्या एका संध्याकाळी भोंडला होतो. मधे पाटावर खडूनं काढलेला हत्ती, भोवती फेर धरलेल्या मुली आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत. डब्यात काय आहे ते ओळखल्याशिवाय ती कुणाला मिळत नाही. झाशीत मराठी घरं थोडी, त्यातली फौजेतली तर दोन-तीन वर्षांत बदलून जातात. त्यामुळे फेरात निम्म्या मुली हिंदी बोलणाऱ्या. गाणी त्यांना अर्धीमुर्धी कळतात, खिरापत मात्र पूर्ण कळते. हे सगळं माझ्या आईनं सुरू केलं आणि तीसेक वर्षं जवळजवळ एकटीनं चालवलं.

यंदा ते माझ्याकडे आलं. श्रावणात एकदा आईनं शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला आणि बाहेर येऊन पेपर वाचत बसली. मी बँकेतून आले तेव्हा घरात धूर, कढई काळी आणि आई खुर्चीत झोपलेली. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर निघताना गॅसच्या शेगडीची बटणं काढून पर्समध्ये टाकायला लागले. ती ओढली की निघतात हे मला तोवर माहीतही नव्हतं. आईचा दुपारचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवायचे. पहिल्या दिवशी संध्याकाळी थर्मास तसाच भरलेला सापडला.

भोंडल्याच्या आधीच्या रविवारी मी तिला सांगितलं, "या वेळी खिरापत मी करते."

"काय करणारेस?"

"खिरापत सांगायची नसते."

"मला सांगायला काय झालं? मी काय फेर धरणार आहे?"

"तू खुर्चीत बसायचं आणि सगळ्यांबरोबर ओळखायचं. इतकी वर्षं तुला ओळखायला मिळालंच नाही."

मला वाटलं होतं तिला हे आवडेल. ती थोडा वेळ उशीचा अभ्रा नीट करत राहिली. मग म्हणाली, "मग मी करायचं काय?"

"हत्ती काढ."

हत्ती तिनं अर्ध्या तासात काढला. उरलेला आठवडा ती बाल्कनीतून माझ्यावर लक्ष ठेवून होती. मैदानात गाजरगवत कमरेएवढं वाढलं होतं, ते मी माळ्याकडून काढून घेत होते. वरून तिच्या सूचना चालू. मुळासकट काढा, त्या कोपऱ्यात दगड आहे, भैयाजी को पानी दो. मी खालून ओरडून सांगायचे, "आई, आत जाऊन बस, ऊन आहे." लहानपणी याच बाल्कनीतून ती मला हेच सांगत असे.

भोंडल्याच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मोकळ भाजणी करायची ठरवली होती. आईला वास लागू नये म्हणून तिला वरच्या मजल्यावरच्या चाचीजींकडे पाठवून दिलं. चाचीजी इथल्याच, बुंदेली. पंधरा वर्षांचा शेजार आहे आणि दोघी एकमेकींना बहनजी म्हणतात.

चार वाजता तिला आणायला वर गेले, तर आई चाचीजींच्या शेगडीसमोर उभी. ओट्यावर खलबत्ता, तिच्या हाताला काहीतरी काळपट चिकट लागलेलं, आणि शेजारी झाकण लावलेला स्टीलचा डबा.

मी रागावले. एकदा सांगितलेलं कळत नाही का, किती वेळा तेच तेच सांगायचं, असं बरंच बोलले. बोलताना माझ्या लक्षात आलं की शब्द तिचेच आहेत.

आई शांतपणे म्हणाली, "तुझ्या शेगडीला मी हात लावला नाही."

चाचीजी म्हणाल्या, "हम बराबर में खड़े थे, बिटिया. गैस भी हमने ही बंद की."

मी विचारलं, "डब्यात काय आहे?"

"खिरापत सांगायची नसते," आई म्हणाली आणि हात धुवायला गेली.

त्या संध्याकाळी पाटाजवळ दोन डबे होते. गाणी झाली. मुली हरेक कडव्याला चुकत होत्या आणि आई खुर्चीतून त्यांना पुढचे शब्द पुरवत होती. मग माझा डबा. पोहे, उपमा, चिवडा, सगळं म्हणून झालं. मुली दमल्यावर आई म्हणाली, "मोकळ भाजणी. कांदा जरा करपलाय."

तिचा डबा आला तेव्हा मी मुलींमध्ये जाऊन उभी राहिले. खजुराचे लाडू, गूळपापडी, मनुकांची वडी. आई प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत होती. शेवटी एका बुंदेली घरातल्या मुलीनं डब्याला नाक लावलं आणि म्हणाली, "लटा है. नानी बनाती हैं."

वाळवलेली मोहाची फुलं भाजून तिळाबरोबर कुटायची, की लटा होतो. चाचीजींकडून आई हा कधीच शिकली होती. माझा जन्म झाशीतला, पण मी तो त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला. तिच्या गोळ्यांच्या वेळा, चष्म्याचा नंबर, रक्तदाब, सगळं मला पाठ होतं. मी बँकेत असताना तिच्या दुपारी कशा जातात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

घरी येताना मी म्हटलं, "रविवारी स्वयंपाक तू कर. मी स्वयंपाकघरात बसते."

"मधे बोलायचं नाही," ती म्हणाली.

आता तसं चाललंय. इतर दिवशी बटणं माझ्याबरोबर बँकेत येतात, त्याबद्दल आम्ही दोघी बोलत नाही. रविवारी ती फोडणी करते आणि मी स्टुलावर बसून भाजी निवडते. गेल्या रविवारी वांग्याच्या भाजीत मीठ दोनदा पडलं. तिनं ते टाकताना मी पाहिलं होतं, पण बोलले नाही. दोघींनी ती ताकाबरोबर खाल्ली.