दिवा लागल्यापासून उत्तर मिळेपर्यंत

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी नागपुरात ट्रंक ऑपरेटर होते. बाहेरगावी बोलायचं तर लोकांना आधी आमच्याकडे कॉल नोंदवावा लागे. कुणी आमचा नंबर फिरवला की बोर्डावर एक बारकासा दिवा लागायचा. ज्या बाईसमोर तो लागला तिनं दिव्याखालच्या भोकात जोडणीची कॉर्ड खुपसायची आणि म्हणायचं, "ट्रंक बुकिंग, बोला." दिवा लागल्यापासून हे 'बोला' येईपर्यंत किती वेळ जातो, हे मोजायचं काम एका डिसेंबरात माझ्या गळ्यात पडलं.

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं होतं. आमदार, सचिव, वार्ताहर, त्यांचे पीए, सगळ्यांना मुंबईच हवी असायची, तीही ताबडतोब. एक्स्चेंज फोन उचलतच नाही, अशा तक्रारी वर गेल्या आणि वरून हुकूम आला की गर्दीच्या वेळी मोजून पाहा. नेमका माझा घसा बसला होता. कोराडीच्या पॉवर स्टेशनच्या कॉलनीतून सकाळच्या बसनं थंडी आणि राख खात यायचं, त्यात दिवसभर बोलायचं. सुपरवायझर मॅडमनी स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. "बोलता येत नाही न तुले? मग मोज."

मी मैत्रिणींच्या पाठीमागे स्टूल टाकून बसले. समोर त्यांच्या वेण्या, वर दिव्यांची ओळ. एक दिवा निवडायचा, घड्याळ दाबायचं, आवाज आला की थांबवायचं, लिहायचं. पुन्हा दुसरा दिवा. बघता बघता डोळे चुरचुरायला लागले. सकाळी पहिल्या तासाला दिवा लागला न लागला तोच विझायचा. दुपारी सभागृह सुटलं की बोर्ड पेटल्यासारखा व्हायचा आणि काही दिवे कुणाचा हात न लागता तसेच जळत राहायचे.

सगळ्यात जास्त जळायचे ते माझ्या मैत्रिणीसमोरचे. आम्ही दोघी एकाच बॅचच्या. इतकी वर्षं शेजारी बसलो, डबा एकत्र खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिनं डबा एकटीनं उघडला. मी जवळ गेले तर म्हणाली, "माझ्या दिव्याचं काय लिहून राहिली वं?"

"सगळ्यांचंच लिहितेय."

"मंग माझ्याच मागं काहून बसली?"

माझं स्टूल खरंच तिच्या मागे होतं, कारण तिथूनच सगळी ओळ दिसायची. हे मी तिला सांगितलं, पण बसक्या आवाजात ते खोटंच वाटलं असावं. ती पाणी प्यायला उठून गेली.

पुढचे दोन दिवस तिनं डबा एकटीनंच खाल्ला. तिसऱ्या दिवशी मॅडम जेवायला गेल्या तशी तिनं हेडफोन काढला आणि माझ्यापुढे धरला. "बस माझ्या जागेवर. मी मोजतो."

बसले. पहिली कॉर्ड लावली, "ट्रंक बुकिंग, बोला." पलीकडून कुणाचे तरी पीए गरजले, "दोन तास झाले, माझा मुंबईचा कॉल कुठे आहे?" शोधून सांगितलं, अजून लाइन मोकळी नाही. तोवर तीन दिवे लागले. पुढचा माणूस पब्लिक बूथवरून बोलत होता, कुही गावाहून आलेला. त्याचा भाऊ मुंबईच्या दवाखान्यात होता. "बाई, सकाळपासून बसून राहिलो. लागते का नाही तेवढं सांगा. शेवटची बस चालली जाईन." मी म्हटलं, थांबा. त्यालाही माहीत होतं की याला काही अर्थ नाही. तरी तो "बरं बाई" म्हणाला. तिसरा दिवा, चौथा दिवा. नवा कॉल नोंदवणारा त्यात एकच. बाकी सगळे आधीच नोंदवलेले, वाट पाहून कंटाळलेले, चौकशीसाठी पुन्हा फोन करणारे. मुंबईच्या सगळ्या नोंदी तिच्याकडे, म्हणून मुंबईच्या चौकशीचे फोन तिच्याच जागेवर जोडलेले आणि ते सगळे दिवेही तिच्याकडे. लाइन मिळायला उशीर झाला की लोक फोन करायचे, लोकांनी फोन केला की आमचं उत्तर उशिरा जायचं.

माझा घसा पार गेला. शेवटी "ट्रंक" एवढंच निघालं आणि पुढे नुसती हवा. मागून मैत्रिणीचं हसू ऐकू आलं. "पाहिलं? तुहा दिवा त माह्यापेक्षा जास्त जळून राहिला!" त्या दुपारी तिनं माझ्यासाठी काळ्या मिऱ्यांचा चहा मागवला.

मॅडमना मी सांगितलं, उशीर बायांचा नाही, मुंबईच्या लाइनी कमी आहेत, निम्म्याहून जास्त दिवे चौकशीचे आहेत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मले माहीत नाही का वं? दरवर्षी सांगतो मी."

अधिवेशन संपलं, शहर रिकामं झालं. जानेवारीत पुन्हा मोजायला लावलं. तेव्हा दिवा लागायची वाट आम्हीच पाहत होतो. वरच्या ऑफिसनं दोन्ही महिन्यांचे आकडे मिळवून सरासरी काढली आणि कळवलं, उत्तराचा वेळ समाधानकारक आहे. लाइनींबद्दल त्यात एक शब्द नव्हता. मैत्रिणीनं तो कागद वाचला, माझ्याकडे दिला आणि कॉर्ड उचलली.

संध्याकाळी घरी येऊन मी नवऱ्याला हे सांगितलं. पॉवर स्टेशनमधली शिफ्ट संपवून तो बाजेवर आडवा पडला होता. "म्हणजे ठीकच झालं न मग," तो डोळे मिटूनच म्हणाला. त्याला समजावून सांगायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागलं असतं. मी परात घेतली आणि कणीक मळायला बसले.