वादळासाठी थांबवलेलं गणित
जनरेटरच्या डिझेलचा वास आला की मला कोलकात्यातल्या आमच्या संस्थेतली, वादळाआधीची एक दुपार आठवते. नदीचं पाणी कुठवर चढेल याचं गणित आम्ही करत होतो आणि त्यासाठी वेगवेगळ्या गावांतले संगणक ग्रिडने, म्हणजे काम वाटून घेणाऱ्या जाळ्याने, जोडलेले होते. कोणता संगणक कोणत्या कामाला द्यायचा, हे ठरवणं माझ्याकडे होतं. त्या दुपारी किनाऱ्याजवळच्या केंद्राची वीज गेली, तिथले संगणक बंद पडले आणि गणित अर्ध्यावर अडकलं. बाहेर आभाळ काळवंडलं होतं, तावदानं खडखडत होती, आणि कोलकात्याजवळच्या बजबज गावातली नदीकाठची माणसं हलवायची का, असं विचारणारे फोन थांबत नव्हते. आमच्या खोलीतले संगणक जनरेटरवर चालू होते, पण ते शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याच्या प्रबंधासाठी राखीव होते. त्याचं काम कित्येक आठवडे चाललं होतं. मध्येच थांबवलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. त्याला विचारायचा मला धीर होईना. शेवटी तोच म्हणाला, "दीदी, माझं काम बंद करा. संगणक पुराच्या गणिताला लावा." मी म्हटलं, "पुन्हा एकदा विचार कर." "केलाय," तो म्हणाला. मी त्याच्यासमोरच त्याचं काम थांबवलं. अंधार पडायच्या आत उत्तर आलं, पाणी वस्तीत शिरणार होतं. माणसं शाळेत हलवली, आणि पाणी शिरलं तेव्हा घरं रिकामी होती. त्याची पदवी मात्र वर्षभर लांबली. आता मी विद्यार्थ्यांना ग्रिडमधली साधनं कशी वाटायची ते शिकवते, आणि राखीव साधनांच्या नियमापाशी आले की आधी त्या सहकाऱ्याची गोष्ट सांगते.