अर्पणाच्या टोपलीतलं इन्सुलिन

शमुवेल, बाळा, जरा जवळ ये. कागदावरनंच बोलावते, कारण तू काही येईनास. मंडळीत मी तुला पास्टर म्हणते, तू आत आलास की उभी राहते. पण संडे स्कूलमध्ये तुझ्याकडून वचनं पाठ करून घेतली ती मीच, त्यामुळं रागवायचा हक्क अजून माझाच. शाळा मी पाहिली नाही. बायबल वाचता यावं म्हणून लग्नानंतर अक्षरं गिरवली. माझं काही चुकत असेल तर सांग, पण सगळं वाचून झाल्यावर.

त्या रविवारी तू दौंडच्या आपल्या चर्चमध्ये बाहेरचा प्रचारक आणलास. दिवे काय, मोठे स्पीकर काय, काठीवर लावलेले मोबाईल काय. मला त्याचंही काही नव्हतं. पण तो म्हणाला, औषध घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास, ज्याला बरं व्हायचंय त्यानं औषध अर्पणाच्या टोपलीत टाकावं. आणि माझी धाकटी जाऊ, मार्था, उठली. आमच्या पाटसहून येताना ती इन्सुलिनची बाटली गार राहावी म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून आणते, तुला ठाऊक आहे. ती फडक्यासकट टोपलीत गेली. मग तिनं माईकवर साक्ष दिली, "मी बरी झाले." टाळ्या पडल्या.

मी उभी राहिले. म्हटलं, हिज्कीया राजाला देवानं आयुष्य वाढवून दिलं होतं, तरी यशया संदेष्ट्यानं त्याच्या गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितलाच की. देवाला लेपाची लाज वाटली नाही, तुम्हाला का वाटते? तो हसून म्हणाला, "मावशी, ज्ञान लई झालं, आता विश्वास वाढवा." लोक हसले. तू गिटारची वायर सरळ करत खाली बघत राहिलास. त्याचा राग मला नाही, तो परका माणूस, निघून गेला. राग तुझ्या त्या खाली घातलेल्या मानेचा आहे.

घरी उरलेलं इन्सुलिन मार्थानं स्वतः मोरीत ओतलं. मी भांडले, रडले. ती म्हणायची, "आक्का, सगळ्यांम्होरं साक्ष दिलीया. आता टोचून घेतलं तर प्रभूलाच खोटं पाडल्यासारखं व्हईल." आपल्यात दिलेल्या साक्षीला केवढी किंमत, आणि तिचंच असं हत्यार केलं तुम्ही लोकांनी. पुढं तिला उलट्या लागल्या, श्वास धापा टाकल्यासारखा चालायला लागला, बोलणं जड झालं. शेवटी मी तिला जवळजवळ ओढत दौंडच्या एसटीत बसवलं. खरं सांगते, वाटेत मी प्रार्थना केलीच नाही. देवाशी भांडत होते. म्हणत होते, तुझ्या नावानं हे झालंय, आता तूच निस्तर.

निम्म्या वाटेत मार्था माझ्या अंगावर कलंडली. हाक मारली तर ओ देईना. कारखान्याचा गाळप हंगाम, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक खोळंबलेल्या. कंडक्टर एक बाई होती, मोबाईलच्या कव्हरवर बाबासाहेबांचा फोटो. ती आली, मार्थाचा चेहरा बघितला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "गाडी सरळ सरकारी दवाखान्यात घ्या."

"मॅडम, रूट सोडला तर साहेब मला झापतील."

"तुम्हाला न्हाई, मला झापतील. तुम्ही स्टिअरिंग धरा."

आणि ती खाली उतरली. तोंडात शिट्टी, हातवारे करत एसटीच्या पुढं चालायला लागली. एकेका ट्रॅक्टरवाल्याला दम देऊन बाजूला घेत होती. एक जण म्हणाला, "बाई, ऊस वाळतोय आमचा." ती म्हणाली, "हितं माणूस वाळतंय, घे कडंला." तांबडा समुद्र दुभंगला ते मी बायबलात वाचलं होतं. त्या दिवशी उसाचा दुभंगलेला पाहिला.

दवाखान्याच्या दारात मी तिला हात जोडले. म्हटलं, "बाई, तुम्हाला देवानंच पाठवलं." ती घाम पुसत म्हणाली, "मावशी, मी देव मानत न्हाई. मला डेपोनं पाठवलंय." तसल्या अवस्थेतही मला हसू आलं. तिला कुणी पाठवलं यावर मी वाद घालणार नाही. मी भांडत होते आणि ती आली, एवढंच मला माहीत.

मार्था वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर हातात काही नव्हतं. ती सलाईनवर पडलेली असताना शेजारच्या खाटेजवळच्या बाईनं मला मोबाईल दाखवला, "ह्या त्याच ना?" तुझ्या चर्चचा व्हिडिओ. मार्था माईकवर, "मी बरी झाले," आणि खाली आमेनची रांग. शमुवेल, इकडं ती शुद्धीवर यायची होती आणि तिकडं लोक आमेन म्हणत होते. अजून म्हणतायत.

तुम्ही समर्पण, समर्पण म्हणता. मला विचारशील तर टोपलीत औषध टाकणं सोपं आहे, टाळ्या मिळतात. आपल्याला नको त्या माणसाच्या हातानं, नको त्या बाटलीतून देव मदत देतो, ती मान खाली घालून घ्यायची, हे अवघड. मी त्याच्याशी भांडले आणि त्यानं मला गप्प केलं तेही त्याला न मानणाऱ्या बाईकडून. त्याचे उपकार मी कसे फेडू?

पण एक काम माझ्याच्यानं होत नाही, म्हणून हे लिहिलं. मार्था आता टोचून घेते, पण चर्चला यायला तयार नाही. म्हणते, "माझाच विश्वास कमी पडला, कुठल्या तोंडानं येऊ?" मी तिची जाऊ पडले, माझं सांगणं तिला मायेचं वाटतं, खरं वाटत नाही. पाळक तू आहेस. तो व्हिडिओ काढून टाक आणि इथं येऊन तिच्या डोळ्यात बघून सांग की कमी तिच्यात काही नव्हतं. वाटेत चांगले अंजीर दिसले तर आण. मी खाईन, तिला देणार नाही. चहा दोघींचाही बिनसाखरेचा असतो, तेवढं सोस. रविवार उजाडायच्या आधी ये, बाळा.