खडखड आणि फुंकणी

माझ्या थोरल्या मावशीचे हात कधी स्वस्थ बसले नाहीत. जेवताना ताटाच्या कडेवर, शाळेत बाकावर, कुणी रागावत असेल तर स्वतःच्याच गुडघ्यावर तिची बोटं ठेका धरायची. घरात तिचं नावच पडलं खडखड. शाळेच्या बँडमध्ये तिने ड्रम मागितला, तेव्हा बँडमास्तर म्हणाले, "मुलींनी बासरी घ्यावी." मावशीने त्यांच्याच टेबलावर त्यांची आवडती संचलनाची धून ठोकून दाखवली. ड्रम मिळाला.

ते महायुद्धाचे दिवस, आणि आमच्या शहरात गोऱ्या-काळ्या लोकांचं सगळं वेगवेगळं असायचं. आजी लाँड्रीत कामाला होती आणि सैनिकांचे गणवेश ढिगाने यायचे. पुढच्या दालनात इस्त्रीला गोऱ्या बायका, मागे धुण्याला काळ्या, मधे वाळवणाची खोली. शाळा सुटली की मावशी आजीच्या हाताखाली राबायची. एकदा ओल्या चादरींच्या पलीकडून ट्रंपेटचा आवाज आला. चादर सारून बघते तर तिच्याच वयाची एक काळी मुलगी, गालांचे फुगे करून उभी. धुणाऱ्या काकूंची लेक. तिचा दादा सैन्यात भरती होऊन प्रशिक्षणाला जाताना वाद्य बहिणीच्या हवाली करून गेला होता.

"घाई करतेस," मावशी म्हणाली.

"मग तू धर ना ठेका. की नुसती जीभच चालते?"

मावशीने बादली पालथी घातली. त्या दिवसापासून ती खोली त्यांची झाली. मुलीला मावशीने फुंकणी म्हणायला सुरुवात केली आणि पुढे तिची आईसुद्धा तेच म्हणू लागली. शाळेतले ट्रंपेटवाले थोराड मुलगे युद्धावर गेले होते, म्हणून नाइलाजाने का होईना, काळ्यांच्या शाळेतल्या फुंकणीलाही बँडमध्ये घेतलं.

मग शहर पेटलं. रजेवर आलेला एक काळा सैनिक गणवेशात गोऱ्यांच्या चहाच्या दुकानात बसला. त्याला मारून बाहेर काढलं. संध्याकाळपर्यंत काचा फुटल्या, हातगाड्या जळल्या, संचारबंदी लागली. संचारबंदी उठली तेव्हा सैनिकांना निरोप द्यायचा कार्यक्रम तोंडावर आला होता. बँडमास्तरांनी फुंकणीला बाजूला घेतलं.

"यंदा तू नको. लोक चिडलेत."

"हिच्यावर?" मावशीने विचारलं. "हिने काय केलंय?"

"तू आपलं ड्रमचं बघ."

मावशी गप्प बसली. आजी नेहमी सांगायची, ही गप्प बसली की समजावं, काहीतरी शिजतंय.

निरोपाच्या दिवशी स्टेशन माणसांनी फुललं होतं. गोऱ्या सैनिकांचे डबे पुढे, काळ्यांचे अगदी शेवटी. पुढे झेंडे, भाषणं, बँड. मागच्या टोकाला आया आणि बहिणी नुसत्या उभ्या. फुंकणीचा दादा शेवटून दुसऱ्या डब्याच्या खिडकीत होता.

बँडमास्तरांनी छडी उचलली आणि मावशी गळ्यातल्या ड्रमसकट रांगेतून बाहेर पडली.

"अगं, कुठे निघालीस? जागेवर ये!"

तिने मागे वळून पाहिलं नाही. सगळा फलाट तुडवत ती फुंकणीपाशी जाऊन उभी राहिली. "आणलंयस ना?"

फुंकणीने शालीखालून ट्रंपेट काढलं. तिने ओठ जिभेने ओले केले. खिडकीतून दादा ओरडला, "छाती भरून घे आधी!"

वाळवणाच्या खोलीत बसवलेली त्यांची स्वतःची धून होती ती, झपाझप चालणारी. पुढे बँडची दैना उडाली. ड्रमच गेल्यावर कोण कुणाला धरणार? बासऱ्या एकीकडे, कर्णे दुसरीकडे. छडी हवेत फिरत राहिली आणि पोरं मात्र, कान तिकडे असल्यामुळे म्हणा की सवयीमुळे, मावशीच्या ठेक्यावर येऊन बसली. गाडी हलली तेव्हा पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत सैनिक पत्र्यावर हात आपटत होते.

दुसऱ्या दिवशी दोघींची बँडमधून हकालपट्टी झाली. लाँड्रीच्या मालकाने आजीला आणि काकूंना बोलावून दम भरला, "पोरींना आवरा, नाहीतर कामावर येऊ नका."

"बरं," आजी म्हणाली आणि एप्रन सोडायला लागली. काकूंनीही सोडला. दारात गणवेशांचे गठ्ठे उतरत होते. मालकाने ते पाहिले आणि म्हणाला, "मी आपलं सांगून ठेवलं."

दादा परत आला, एका कानाने बहिरा होऊन. तोवर दोघींनी स्वतःचा बँड काढला होता. नाचाच्या हॉलमधून त्यांना बोलावणी यायची. अशाच एका मोठ्या हॉलमध्ये जमिनीवर मधोमध दोर बांधलेला होता, इकडे गोरे, तिकडे काळे.

"दोर सोडा, मग वाजवू," मावशी म्हणाली.

"दोर सोडला तर कुणी यायचं नाही," व्यवस्थापक म्हणाला.

"मग रिकाम्या हॉलला वाजवू," फुंकणी खुर्ची ओढून बसत म्हणाली. "आम्हाला चादरींपुढे वाजवायची सवय आहे."

दोर सुटला. थोडे लोक पाय आपटत निघून गेले. बाकीच्यांना त्यामुळे नाचायला ऐसपैस जागा झाली.