मुनिसाच्या सिनेमात पडलेला नान

मुनिसा माझ्या भावाची मुलगी, सोळा वर्षांची. दुसऱ्यांनी कुठे उभं राहायचं आणि कसं चालायचं हे सांगितल्याशिवाय तिला अन्न पचत नाही. लग्नाला गेली तर नवरीला सांगते, ओढणी जरा डावीकडे घे, उजेड तिकडून येतोय. अशा मुलीने सिनेमा काढायचं ठरवलं यात नवल काहीच नव्हतं. नवल हे, की त्यात तिने मला घेतलं आणि मी शहाण्यासारखी गेलेसुद्धा.

मी सबोहत. मार्गिलान शहरात आमच्या मोहल्ल्यात माझा तंदूर आहे, पहाटेपासून नान भाजते. भाऊ आणि वहिनी तीन वर्षांपूर्वी रशियात बांधकामावर गेले, तेव्हापासून मुनिसा आणि तिचा अकरा वर्षांचा भाऊ रवशन माझ्याकडे असतात. पोरं मला अम्मा म्हणतात, आमच्याकडे आत्याला तेच म्हणतात. जाताना भावाने एक नान चावून ठेवला, तो बैठकीत खिळ्याला टांगलेला आहे. उरलेला संपवायला माणूस परत येतो, म्हणून टांगायचा. आता तो इतका वाळलाय की भावाला येताना नवे दात बसवून यावे लागतील.

तर गेल्या ऑक्टोबरात रवशनने शाळा सोडली. सोडली असं तो म्हणाला नाही. रोज सकाळी पोटात दुखायचं आणि दुपारी तेच पोट तीन वाट्या शोरबा रिचवायचं. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, काही सापडलं नाही. त्याआधी तो दोनतीनदा भिजून घरी आला होता. पाटात पाय घसरला म्हणाला. मी विश्वास ठेवला, कारण तंदूर पेटलेला होता आणि विश्वास ठेवणं सोयीचं होतं. शाळेत कोणीतरी दादागिरी करतंय हे हळूहळू सगळ्यांना कळलं. कोण तेही कळलं. त्या पोराचं नाव मी घेणार नाही. त्याची आई रोज माझ्याकडून दोन नान नेते आणि बाई चांगली आहे.

मुख्याध्यापिका बाईंनी निरोप धाडला, मार्चातल्या नवरोझपर्यंत आला नाही तर वर्ष वाया जाईल. मी समजावलं, आमिषं दाखवली, शेवटी ओरडले. रवशन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तेवढ्यात शाळांच्या लघुपट स्पर्धेचा कागद आला, विषय नेमका दादागिरीचा. मुनिसा त्याच्या उशाशी जाऊन बसली.

"मी सिनेमा काढते. शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना दाखवणार. मग येशील?"

"बघू," रवशन म्हणाला.

या एका "बघू"वर ती पोरगी महिनाभर धावली.

पहिला अडथळा साहित्याचे शिक्षक तुर्सून दोमला, म्हणजे तुर्सून गुरुजी. त्यांनी न मागता गोष्ट लिहून दिली. शेवटी दांडगट मुलगा रडत माफी मागतो, आजोबा दोघांना उपदेश करतात आणि सगळे एका ताटात पुलाव खातात.

"दोमला, रडत माफी मागणारा पोरगा मी अजून पाहिला नाही," मुनिसा म्हणाली. "पुलाव पाहिलाय. तो तेवढा पाठवा, पोरांना भूक लागते."

मग तिने ठरवलं, मार खाणाऱ्या पोराचा चेहरा दाखवायचाच नाही. फक्त पाठ, कॉलर आणि बूट. मी म्हटलं, चेहरा नाही तर लोक रडतील कशाला बघून? तर म्हणे, "चेहरा दिसला की लोक म्हणतात हा अमक्याचा मुलगा. पाठ कुणाचीही असते." सोळाव्या वर्षी मला एवढं सुचत नव्हतं. अजूनही सुचत नाही, पण तिला तसं सांगायची गरज नाही, आधीच तिचं नाक वर असतं.

दादागिरी करायला तिने शेजारचा ओयबेक निवडला. अंगाने दार अडेल एवढा आणि स्वभावाने इतका गरीब, की मांजर वाटेत बसली तर हा वळसा घालून जातो. पाठ म्हणून त्याचाच धाकटा भाऊ. तंदुरातून नान काढायच्या माझ्या लांब आकड्याला तिने मोबाईल बांधला, म्हणजे माझं काम बंद. रवशनला तिने काही काम दिलं नाही, ये असंही म्हणाली नाही. तो आपणहून येऊन कुंपणाच्या भिंतीवर बसला आणि सूर्यफुलाच्या बिया सोलू लागला.

प्रसंग साधा होता. ओयबेकने दप्तर हिसकायचं, वह्या फेकायच्या, टोपी फेकायची, डब्याच्या फडक्यातला नान फेकायचा, पोराला कोरड्या पाटात ढकलायचं आणि हसत निघून जायचं. दप्तर त्याने झकास फेकलं. टोपी तर थेट तुतीच्या झाडावर गेली. मग नान फेकला, पोराला ढकललं, आणि दुसऱ्या क्षणी, पडलेला नान आमच्याकडे उचलतात तसा, वाकून तो उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि भिंतीवर उंच ठेवून दिला.

"ओयबेक," मुनिसा म्हणाली, "तू गुंड आहेस."

"हो."

"गुंड नान उचलून कपाळाला लावतो का?"

"नाही. पण पडला होता ना."

"तूच पाडलास."

"म्हणून तर," ओयबेक म्हणाला.

दुसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा तेच. पाचव्यांदा तिने त्याला नान फेकून पळत सुटायला सांगितलं. तो कोपऱ्यापर्यंत पळाला, धापा टाकत परत आला आणि उचलला. त्याचा भाऊ पाटात आडवा पडून विचारत होता, मी उठू का. सहाव्या वेळी मी मधे पडले.

"माझा नान सारखा सारखा मातीत पाडलेला मला चालणार नाही. सफरचंद फेका."

"रवशनकडून सफरचंद कोणी हिसकत नव्हतं, अम्मा," ती दात आवळून म्हणाली.

मग तिने पुठ्ठ्याचा नान केला. माझ्याच ठशाने मधे नक्षी उठवली, चहाच्या पाण्याने रंगवला, डिंकाने तीळ चिकटवले. इतका हुबेहूब, की मी तो उलटा पडलेला पाहून सवयीने सुलटा केला. ओयबेकने पुठ्ठा फेकला, पोराला ढकललं, पुठ्ठा उचलला आणि कपाळाला लावला. डिंक ओला होता. चार तीळ त्याच्या कपाळावर राहिले.

भिंतीवर रवशन हसला. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा, पोट धरून. हसता हसता म्हणाला, "तोही असंच करायचा."

"कोण?" मुनिसाने विचारलं. मान वर केली नाही, मोबाईलची गाठ सोडत राहिली.

"तो. मला पाटात ढकलायचा. मग नान उचलायचा, कपाळाला लावायचा, भिंतीवर ठेवायचा आणि जायचा." त्याने एक टरफल थुंकलं. "मी वर यायचो तेव्हा नान स्वच्छ असायचा."

मला वाटलं मुनिसा आता रडेल, पण ती त्या मातीची नाही. ती मोबाईल घेऊन स्वतः पाटात उतरली आणि तळाशी आडवी झाली.

"खरा नान आणा. ओयबेक, तुला जे येतं ते कर. मी खालून घेते."

एकाच फटक्यात झालं.

शेवटचा प्रसंग घरचा होता. पोरगा भिजून घरी येतो, दार मी उघडायचं. मी नवी रेशमी कुर्ती घालून तयार झाले, तर तिने ती काढायला लावली आणि पिठाची घालायला सांगितली.

"मी करू काय?" मी विचारलं.

"नेहमी करता तेच. मी काही सांगणार नाही."

ही मुलगी काही सांगणार नाही म्हणते तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पोराच्या पाठीवर तिने बादलीभर पाणी ओतलं, हातात नान दिला, दार वाजलं, मी उघडलं. अर्ध्या मिनिटात "झालं" म्हणाली. ओयबेकला आठ वेळा करावं लागलं आणि मला एकदा, हे मी पुढचे दोन आठवडे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ऐकवलं.

मार्चच्या सुरुवातीला हॉलमध्ये सिनेमा लागला. पालक, शिक्षक, पोरं, सगळे होते. रवशन माझ्या शेजारी बसला होता, बाही चावत. ओयबेकने पडद्यावर नान कपाळाला लावला तेव्हा सगळा हॉल हसला. खरा ओयबेक खुर्चीखाली गेला. पण चित्र पुढे सरकेना. वर उंचावर नान, खाली पाटात पोराची पाठ, आणि त्या पाठीकडे बघणारं कोणी नाही. हसू कमी कमी होत थांबलं.

मग दार उघडलं आणि पिठाच्या कुर्तीत मी दिसले. समोर निथळणारं पोर. मी त्याच्या हातातून नान घेतला. फुंकर मारून धूळ उडवली, ओठांना लावला, कपाळाला लावला, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. मग वळले आणि म्हणाले, "बूट बाहेर काढ, चिखल करू नकोस." एवढ्यावर सिनेमा संपला.

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. कॅमेऱ्यासमोर म्हणून मी ते केलं नव्हतं. खरा रवशन भिजून यायचा तेव्हा दर वेळी मी हेच केलं होतं, बुटांच्या वाक्यासकट. दोन रांगा पुढे ती रोज दोन नान नेणारी बाई बसली होती. तिने मान खाली घातली होती, मीही घातली. तुर्सून दोमलांनी नाक शिंकरलं आणि बाहेर पडताना म्हणाले, पुलाव असता तर बरं झालं असतं.

घरी जाताना मी मुनिसाला गाठलं. "मला आधी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याला जवळ घेतलं असतं."

"घेतलंच असतं."

"मग खोटं झालं असतं," ती म्हणाली. मला फार राग आला आणि मी चार पावलं पुढे चालू लागले.

सोमवारी सकाळी ती बाई नान न्यायला आली तेव्हा मुलगा बरोबर होता, जमिनीकडे बघत. बाई म्हणाली, हा रवशनला शाळेपर्यंत सोबत करेल. आतून रवशन दप्तर अडकवून बाहेर आला. "मी माझा जाईन," म्हणाला. मग परडीतला गरम नान उचलून एक मोठा घास तोडला आणि उरलेला माझ्या हातात दिला.

"टांगा."

"शाळा आठशे पावलांवर आहे, रशियात नाही."

"टांगा ना, अम्मा."

मी तो त्याच्या बापाच्या नानशेजारी टांगला. त्या दिवशी माझे दोन घाणे करपले, कोणी विचारलं तर लाकूड ओलं होतं म्हणून सांगितलं.

दीड वाजता दार वाजलं. मी पिठाच्याच हातांनी त्याला धरलं, वळवलं आणि पाठ चाचपली. कोरडी होती. कॉलर चाचपली, तीही कोरडी.

"अम्मा, सगळं पीठ लावलंत मला," रवशन म्हणाला. "माझा नान काढून द्या, भूक लागलीय."